पेन्सिलीने लिहिलेले टिपण

सोमवार, ३ जून २०२४, सकाळी अकरा वाजता वाराणसीतील आमच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात नेतृत्वविकासाचे प्रशिक्षण सुरू झाले. महिनाअखेर मी विभागप्रमुखपदावरून निवृत्त होणार होतो. माझ्या जागी कोणाची शिफारस करायची, ते त्याच संध्याकाळी कळवायचे होते.

उपप्रमुख एकोणीस वर्षे माझ्या हाताखाली होता. राजाघाटाजवळच्या जुन्या मराठी घरातला. नियमावली त्याला मुखोद्गत होती. त्याच्या सेवेची दोनच वर्षे उरली होती, तेव्हा माझी खुर्ची मिळण्याची ही त्याची अखेरची संधी.

माझी एक पद्धत होती. हाताखालच्याने टिपण पेन्सिलीने लिहायचे. मी खोडायचे आणि निर्णय शाईने लिहायचा. फायली संगणकावर गेल्या, तरी मी ती पद्धत मोडली नाही. तो आधी कागदावर लिही, मी दुरुस्त करी, मग तो ते संगणकावर चढवी. याला मी शिस्त म्हणत असे.

प्रशिक्षकाने प्रसंग दिला : परीक्षेला अर्धा तास आहे आणि केंद्रावर प्रश्नपत्रिकांचे पाकीट फुटलेले सापडले आहे. दोन मिनिटांत निर्णय सांगा.

उपप्रमुख उठला. तीन नियम क्रमांकासह सांगितले. मग माझ्याकडे वळला.

"साहेब, आपल्याला काय वाटतं?"

मी घड्याळाकडे पाहिले.

"एकदा बघून घ्या ना, साहेब."

मागच्या रांगेतला कारकून उपप्रमुखाकडे बघत म्हणाला, "बड़े बाबू तो छींकने से पहले भी साहब से पूछते हैं!"

सगळे हसले. उपप्रमुखही हसला.

चार वर्षांपूर्वी विभागात नोकरीला लागलेल्या, माझ्या हाताखाली कधीच नसलेल्या एक बाई उठल्या. "राखीव संच उघडायचा, परीक्षा अर्धा तास उशिरा. सही माझी." आणि त्या बसल्या.

चार वाजता मी उपप्रमुखाला बोलावले.

"शिफारशीचा मसुदा करा. त्या बाईंच्या नावाने. तुमच्याविषयीचा शेराही त्यातच."

तो उभाच राहिला. "माझ्यात काय कमी पडलं, साहेब?"

"निर्णय."

"तो आपण मला कधी घेऊ दिलात?"

उत्तर मला ठाऊक होते. मी म्हणालो, "पाचपर्यंत हवा."

पाचाला दहा कमी असताना त्याने मसुदा आणला. पेन्सिलीने लिहिलेला. स्वतःविषयी त्याने लिहिले होते : 'अनुभवी. मार्गदर्शनाखाली उत्तम काम करतात.' मी ते खोडून शाईने लिहिले : 'स्वतंत्र निर्णय घेण्यास असमर्थ.' शेरा खरा होता. तो खरा करायला मला एकोणीस वर्षे लागली होती.

त्याने तो वाचला आणि मसुदा टंकून आणला. एकही चूक नव्हती. मी सही केली. तो गेला.

त्याची पेन्सिल माझ्या मेजावर राहिली होती. टोक मोडलेले होते. मी ते नीट केले आणि पेन्सिल त्याच्या खणात ठेवून दिली.