आक्कांनी दिलेली नखं

मोहनचा फोन आला तेव्हा मी भूगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये आठवड्याच्या भाजीची यादी करत होते. ‘म्याडम, आई गेली,’ एवढंच म्हणून तो थांबला. मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘तुमी लगेच या. हितं आजी जरा... तुमी याच.’ मी गॅस बंद केला, किल्ली शेजारी दिली, पिशवीत पाण्याची बाटली आणि टॉवेल टाकला आणि पिरंगुटची बस पकडली. माझा स्वभावच तसा आहे, आधी हातातली कामं उरकायची आणि रडायचं ते मागाहून. पिरंगुटला उतरून उरवड्याच्या रिक्षात बसले तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, ‘तब्येत बरी न्हाई का तुमची?’ तेव्हा कळलं की मी केव्हापासून रडते आहे. त्याला आता दीड महिना झाला.

द्रौपदाआक्कांची आणि माझी ओळख कामातून झाली. पुण्यातल्या एका संशोधन प्रकल्पाचं गावातलं काम माझ्याकडे होतं. घरं ठरवायची, माणसं बोलवायची, नमुने नीट पोचवायचे. पोटाचा घेर वाढलेला, रक्तदाब चढलेला, साखर आणि रक्तातली चरबी बिघडलेली, हे सगळं एकाच माणसात एकत्र आलं की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. मधुमेह आणि हृदयविकार तिथून फार लांब नसतात. त्याचा सेलेनियमशी काही संबंध आहे का, हे आमच्या डॉक्टरबाईंना पाहायचं होतं. सेलेनियम हे खनिज मातीतून धान्यात येतं आणि धान्यातून आपल्यात. लागतं अगदी कणभर, पण ते कमी पडलं तरी चालत नाही आणि जास्त झालेलंही बरं नाही. शिवाय शरीर त्याचं काय करतं हे ज्याच्या त्याच्या जनुकांवर असतं, म्हणून एका चुलीवरचं खाणाऱ्या दोघांतही फरक पडू शकतो. यासाठी एकाच भावकीतली घरं हवी होती, आणि रक्ताबरोबर पायाची नखं. रक्त आजचं सांगतं, नख मागच्या कित्येक महिन्यांचं. मुळशीच्या भातखाचरांत लावणीच्या दिवसांत बायकांची नखं चिखलानं कुजतात, म्हणून आम्ही कापणी झाल्यावर यायचं ठरवलं.

आक्कांची रस्त्याकडची खोली आम्ही तपासणीसाठी भाड्यानं घेतली होती. कारखान्यातल्या मुलांना दोन खोल्या दिलेल्या, ही तिसरी. उंच, सडपातळ बाई. लवकर आलेलं वैधव्य, एकुलता एक मुलगा मोहन पिरंगुटला कामाला, आणि घरात सासूबाई. आक्कांना माझ्या वहीची फार गंमत वाटे. ‘म्याडम, त्यात जेवायची बी येळ लिवली हाय का? न्हाईतर लिवा, आत्ता, हितंच,’ असं म्हणून त्या ताट पुढे सरकवायच्या. मी बार्शीकडची, मला भाकरी लागते, म्हणून भातवाल्या घरात माझ्यासाठी वेगळी भाकरी थापायच्या. मातीत सेलेनियम कमी असू शकतं असं मी सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, ‘मग माती बदला की. सरकारला सांगा, एक ट्रक टाका म्हनावं.’

पण नखांचं नाव काढलं तेव्हा हसणं थांबलं. ‘रगत घ्या. हवं तेवढं घ्या. नखं कुनाला देत न्हाईत.’ मी समजावलं, पाकीट दाखवलं, नखांचं पुढे यंत्रात काय होतं तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ‘पलीकडच्या घरची बी घेणार?’ त्यांनी विचारलं. त्यांच्या घराला लागूनच, एकाच भिंतीचं, चुलत दिराचं घर होतं. माझ्या यादीत दोन्ही घरं होती, आडनाव एकच. मी हो म्हणाले. आक्कांनी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, ‘आमची नखं मी माझ्या हातानं कापनार. शनवारी न्हाई, आवसेला न्हाई, दिवस कलल्यावर न्हाई. आन् तेंची आन् आमची एका डब्यात नगं.’ मी दोन डबे केले. नमुने एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मी जन्मभर डबे वेगळे ठेवत आले, तसाच हा आणखी एक.

कारण मला गावातल्या दुसऱ्या बायकांकडून कळलं. आक्कांचे यजमान चाळिशी ओलांडताच छातीत कळ येऊन गेले. वर्ष उलटलं नाही तोच धाकटे दीरही तसेच. त्याआधी केव्हातरी न्हावी घरी येऊन दोघा भावांचे केस-नखं अंगणात काढून गेला होता, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांचं दुखणं बघून पलीकडच्या चुलत दिराच्या बायकोनं, हौसाबाईंनी, ते अंगण झाडून दिलं होतं. झाडलेलं कुठं टाकलं, असा प्रश्न दुसऱ्या मरणानंतर सासूबाईंना पडला. मग करणी हा शब्द आला. त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं नाही, पाण्याचा तांब्या नाही. हौसाबाई आणि आक्का एका माहेरच्या, एका आळीतल्या. आक्कांचं स्थळ हौसाबाईंनीच आणलेलं. पुढे एकदा मी आक्कांना विचारलं, तुम्हाला ते खरं वाटत होतं का? त्या म्हणाल्या, ‘खरं-खोटं कोन बघतंय म्याडम? दोन मानसं गेल्ती. कुनावर तरी टाकायचं हुतं...’

तपासणीच्या दिवशी आम्ही सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं, घेर मोजले, रक्तदाब पाहिला. साखरेचे आणि चरबीचे कागद चार दिवसांनी ज्याचे त्याला बंद पाकिटात दिले. आक्कांचा कागद स्वच्छ होता. मोहनचा नव्हता. वय तिशीच्या आत, आणि आत्ताच चरबी आणि रक्तदाब दोन्ही वर. डॉक्टरबाईंनी त्याला बसवून सगळं नीट सांगितलं. आक्का दारात उभ्या राहून ऐकत होत्या. एवढ्यात हौसाबाई पाकीट हातात धरून अंगणात आल्या आणि दगडावर बसून रडायला लागल्या. ‘तेंची साखर लई हाय म्हनं. पोराचं बी तसंच...’ त्या कुणाला उद्देशून बोलत नव्हत्या. अंगणात आम्ही चार-पाच जणी होतो. आक्का पायरी उतरून खाली आल्या. ‘तुज्या बी घरात?’ त्यांनी विचारलं. कित्येक वर्षांतला तो पहिला शब्द. हौसाबाईंनी वर पाहिलं. ‘मग काय, म्या माज्याच नवऱ्यावर केली व्हय गं करनी, द्रौपदे?’ आक्का त्यांच्या शेजारी दगडावर बसल्या. पुढचं बोलणं मी ऐकलं नाही, पण चहाला दूध हौसाबाईंच्या घरातून आलं, आणि साखर कुणीच घातली नाही.

पुढच्या वेळी नखं गोळा करायला गेले, तेव्हा दोन्ही घरांची पाकिटं आक्कांनीच आणून दिली. ‘एकाच डब्यात टाका. जागा कशाला आडवता?’ सासूबाई आतून काहीतरी पुटपुटल्या. त्यांनी करणीचा हेका सोडला नव्हता. सून पलीकडे जेवायला गेली की त्या दिवशी सासूबाई जेवत नसत.

आक्कांना मात्र एकच उत्तर हवं होतं. दर खेपेला विचारायच्या, ‘ते नखांचं काय निघालं? माज्या मोहनचं काय?’ मी खरं ते सांगायचे. एका माणसाबद्दल आम्हाला सांगता येत नाही, आक्का. खूप माणसांचं एकत्र पाहून अंदाज बांधायचा असतो, आणि तोही अजून धड बांधता येत नाही. मोहननं चालावं, तेल-मीठ कमी करावं, गोळी चुकवू नये, एवढं नक्की. त्या मान डोलवायच्या. एकदा म्हणाल्या, ‘म्हंजी तुमाला बी ठावं न्हाई. बरं झालं. ठावं न्हाई म्हननारं मानूस म्या पयल्यांदाच बघितलं. आमच्याकडं समद्यांना समदं ठावं असतंय.’ प्रकल्प संपला, डॉक्टरबाई दुसरीकडे गेल्या, तरी मी उरवड्याला जात राहिले. मला तिथे काही काम नसायचं. माझ्यासारख्या बाईच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट म्हणायची.

आक्का डेंगीच्या तापानं गेल्या. लावणीचे दिवस, अंगात कणकण असताना खाचरात उभ्या राहिल्या, दोन-तीन दिवस अंगावर काढले, आणि पुण्याला नेईपर्यंत उशीर झाला. ज्यांच्या कागदावर कधी एक खूण करावी लागली नाही, त्या. मी पोचले तेव्हा ओटीवर माणसं गोळा झाली होती. मोहननं मला का बोलावलं ते लगेच कळलं. सासूबाई दारात आडव्या बसल्या होत्या. ‘तिकडं जेवायला जात हुती. नखं दिली तिच्या संगं. आता बघा.’ हौसाबाई कुंपणापाशी उभ्या होत्या, पदर तोंडात धरून, आत यायचं धाडस नव्हतं. भावकीतल्या बायकांनी अंघोळ घालायची, पाणी तापलेलं, आणि कुणीच पुढे होत नव्हतं. मोहन माझ्याकडे बघत होता. मी डेंगीबद्दल बोलू शकले असते, डासांबद्दल, उशिराबद्दल. तोंड उघडलंही. पण त्या म्हातारीनं दोन मुलगे पोचवले होते आणि आज सून. तिला माझ्या माहितीचा काय उपयोग होता? मी तिच्याजवळ खाली बसले आणि तिचा हात हातात घेतला, एवढंच.

मग मोहन उठला. आजीला ओलांडून अंगणात गेला, कुंपणापाशी थांबला. ‘काकी,’ तो म्हणाला, ‘आईला पानी तुमीच घाला. दुसऱ्या कुनाच्या हातचं तिला चालायचं न्हाई.’ सासूबाईंचा हात माझ्या हातात कडक झाला. पण त्या दारातून बाजूला सरकल्या. हौसाबाईंनी पाणी घातलं. सगळं झाल्यावर पायाशी बसल्या. खाचरातला काळा चिखल नखांत तसाच होता. तुळशीची काडी घेऊन त्यांनी एकेक नख साफ केलं, दहाही बोटांचं, अगदी सावकाश. ‘थांब गं, झालंच,’ असं म्हणत होत्या. नखातून निघालेला चिखल त्यांनी कुठेही झाडला नाही. ओंजळीत धरला आणि सगळ्यांसमोर सासूबाईंपुढे नेला. म्हातारीनं त्या ओंजळीकडे पाहिलं. मग स्वतःचा हात पुढे केला आणि तो चिखल आपल्या हातात घेतला.

परवा मी पुन्हा उरवड्याला गेले होते. मोहनच्या गोळ्या संपल्या नाहीत ना, हे विचारायचं निमित्त. पहाटेची बस मिळाली म्हणून लवकर पोचले. शेवटच्या वर्षांत आक्का आणि हौसाबाई रोज सकाळी डांबरी रस्त्यानं चालायला जायच्या. डॉक्टरांनी ते खरं तर हौसाबाईंच्या यजमानांना सांगितलं होतं. ते काही गेले नाहीत, या दोघी गेल्या. मी अंगणाच्या टोकाशी होते. हौसाबाई आपल्या घरातून निघाल्या, आक्कांच्या पायरीपाशी आल्या आणि थांबल्या. हाक मारली नाही, आत पाहिलं नाही. एका बाईला चपला घालून, दार ओढून घेऊन खाली उतरायला लागेल तेवढा वेळ त्या उभ्या राहिल्या... मग रस्त्याला लागल्या. डाव्या कडेनं चालत होत्या, उजवीकडे एका माणसाची जागा सोडून.