आईला पडलेलं स्वप्न

कऱ्हाडजवळच्या एका गावात मी शिक्षिका होते, तेव्हा यात्रेचं नाटक लिहायचं काम माझ्याकडे आलं. नाटक बसवणार होते फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार. रविवारी दुपारी वर्गातली बाकं सरकवून आमची तालीम चाले.

माझ्या पहिल्या खर्ड्यात आईला स्वप्न पडत होतं, की मुलगा पुरात वाहून गेला. आणि पुढं अगदी तसंच घडत होतं. वाचन संपल्यावर सुभेदार म्हणाले, "आवं बाई, पहिल्याच अंकात समदं सांगून टाकलंसा. मग मानसं बसतील कशाला?"

मी चिडले. पण घरी जाऊन सगळं खोडलं. आता आईला स्वप्नात फक्त उंबऱ्यावर मुलाच्या ओल्या चपला दिसायच्या. ती पार खचते. शेवटी कळतं, की शेजाऱ्यांना पुरातून काढून, चपला दारात टाकून पोरगा आत गाढ झोपलाय. स्वप्न खरंच होतं, आईनं लावलेला अर्थ तेवढा चुकला होता.

यात्रेत स्वप्नाचा प्रवेश संपला आणि पुढच्या रांगेतली एक बाई उठून गेली. तिचा मुलगा सीमेवर होता.

सकाळी तिच्याकडे गेले. ती अंगणात शेंगा फोडत होती. मी माफी मागायला लागले, तर हसली.

"आवं, मला बी तसलंच सपान पडतंय कवाकवा. कुनाला सांगत न्हाई. तुमच्या त्या आईनं समद्यांम्होरं सांगितलं, तवा ऱ्हावंना. उठले नि पोराला फोन लावला."

"लागला?"

"लागला की. जेवत हुता." मग हात थांबवून म्हणाली, "पर तुमच्या त्या पोराचं काय झालं वो?"

पायरीवर बसून मी शेवट सांगितला. "झोपला हुता व्हय मेला!" म्हणत तिनं डोळ्यांना पदर लावला.

दिवाळीच्या सुट्टीत तिचा मुलगा शाळेत आला. "बाई, त्या नाटकाचा शेवट नक्की काय हाय? आई म्हनती, ती त्याला उठीवती नि गरम भाकरी वाढती."

मी असं काही लिहिलंच नव्हतं.

आता मी सांगलीत असते. सुभेदार गेले, यात्रेत नाटक होत नाही. परवा जुनी संहिता सापडली, तेव्हा शेवटच्या पानावर पेनानं भाकरीचा प्रवेश लिहून टाकला.