हजेरीत एकच नाव

बन्सीधर झरीकर परभणीत आमच्याच गल्लीत, कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांत राहायचे. मुन्सिफ कचेरीत ते नक्कलनवीस होते. कुणाचा फैसला असो, कुणाचं खरेदीखत असो, मूळ कागद समोर ठेवायचा, बोरूनं उर्दूत तसाच्या तसा उतरवायचा आणि खाली सही करून लिहायचं, ‘नक्कल मुताबिक असल’. नक्कल मुळाबरहुकूम आहे, याची ती ग्वाही. जन्मभर त्यांनी हेच काम केलं. बायको, नर्मदाबाई, पहिल्याच बाळंतपणात गेली आणि मूलही गेलं. दुसरं लग्न करा म्हणून सांगणारे चार-दोन वर्षं सांगत राहिले, मग तेही थांबले.

बॅडमिंटनचा नाद त्यांना अडतिसाव्या वर्षी लागला. अंमलदारांच्या क्लबातलं फाटकं जाळं आमच्या वकील मंडळींनी मागून आणलं होतं आणि जिनिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन बांबूंना बांधलं होतं. उघड्यावर खेळायचं म्हणजे वारा सुटायच्या आत खेळायचं. वारा आला की पिसांचं फूल मारावं एकीकडे आणि जावं भलतीकडे. म्हणून उजाडायच्या आत बन्सीधरराव घरोघर फिरायचे. रॅकेटीच्या मुठीनं आमच्या दारावर तीन ठोके पडायचे आणि आवाज यायचा, “चला वकीलसाहेब, वारा उठंल!”

स्वतः ते काही चांगले खेळत नसत. शेरवानी लिंबाच्या फांदीला अडकवायची, धोतराचा काचा मारायचा आणि जोरात फूल मारायच्या आधी समोरच्याला “माफ करा” म्हणायचं, अशी त्यांची तऱ्हा. पोरं हसायची. माझा मुलगा काशीनाथ तर घरी येऊन नक्कल करून दाखवायचा. पण खेळ संपला की बाकीचे आपापल्या घरी चहाला पळत आणि बन्सीधरराव तिथंच दगडावर बसून राहत. कचेरी दहाला उघडायची. तोवरच्या वेळाचं काय करायचं, हे त्यांना कधी समजलं नसावं.

फसली १३५४ सालच्या हिवाळ्यात, म्हणजे चव्वेचाळीसच्या अखेरीस, औरंगाबादला सुभ्याचे सामने ठरले. परभणीचा संघ घ्यायला ते तयार होते, पण जिल्ह्याची रीतसर अंजुमन, म्हणजे संस्था, पाहिजे आणि तिला सदर, म्हणजे अध्यक्ष, पाहिजे. निजामाच्या राज्यात चार माणसं जमवायची तरी परवानगी लागायची. अर्जावर सदरानं हमी लिहून द्यायची होती की इथं खेळाशिवाय दुसरी गोष्ट होणार नाही, कोण कोण येतं त्याची रोज हजेरी ठेवीन, आणि पोलिसांनी मागितली की हजर करीन.

बैठक आमच्या ओसरीवर भरली. माझे यजमान दिनकरराव, शाळेतले व्यंकटराव मास्तर, अडतीवाले किशनराव आणि आणखी सात-आठ जण. बन्सीधरराव अर्ज लिहायला म्हणून दाराजवळ बसले होते. मी आत दाराआड उभी होते.

“किशनराव, तुमीच व्हा सदर,” मास्तर म्हणाले. “गावात तुमाला मान हाय.”

“मान हाय ती राहू द्या की जागेवर. तुमी व्हा.”

“मी सरकारी नोकर. माझी बदली पार तिकडं तेलंगणात करतील. पोरांना तेलुगू कोन शिकवंल?”

“तुमी मराठी तरी कुठं शिकवायलाय!”

हशा पिकला. मग सगळे आमच्या यजमानांकडं बघायला लागले. वकील माणूस, उर्दू उत्तम, तालुकदारांकडं ऊठबस. ते “बरं” म्हणणार, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. मी दाराची कडी वाजवली. ते आत आले.

“सही करायची नाही,” मी म्हटलं. “उद्या कुणी पोरगं काही बोललं तर तुमच्या नावावर येईल.”

“अगं, बॅडमिंटन आहे ते.”

“हमी कशाला मागतात मग बॅडमिंटनला?”

मी पुण्याला दोन वर्षं कॉलेजात काढून आलेली बाई. सभा, भाषणं, सगळं पाहिलेलं. तरी त्या दिवशी मला नवरा, मुलगा आणि घर एवढंच दिसत होतं. ते बाहेर गेले आणि म्हणाले, “मला जमायचं नाही.” कडी सगळ्यांनीच ऐकली होती.

तेवढ्यात दाराजवळून आवाज आला, “मी झालो तर चालंल का?”

“झरीकर, तुमी?” किशनरावांना हसू आवरेना. “तुमी सदर झाल्यावर सदराला अर्ज कोन लिहील हो?”

“मीच लिहितो की. अर्जबी माझा, सहीबी माझी. एक माणूस वाचला.”

“पण भ्याव न्हाई वाटत?”

बन्सीधररावांनी बोरू शाईत बुडवला आणि म्हणाले, “वाटतंय की. पण खेळ बंद पडला तर सकाळी जाऊ कुठं?”

अशी ‘अंजुमन-ए-बॅडमिंटन, जिल्हा परभणी’ निघाली. पुढची तीन वर्षं हा माणूस बदलून गेला, असं मी म्हणेन. युद्धामुळं फुलं मिळेनात, तर कोंबडीची पिसं गोळा करून डिंकानं चिकटवायचे. ताडकळसला, झरीला बैलगाडीनं जाऊन तिथल्या पोरांना खेळ शिकवून आले. शेहेचाळीस साली संघ औरंगाबादला गेला आणि पहिल्याच फेरीत हरून आला. तरी बन्सीधररावांनी गल्लीत पेढे वाटले. आमच्याकडं धुरपताबाई कामाला होती, ती म्हणाली, “हरल्याचे पेढे मी पैल्यांदा खाल्ले, बाई.”

हजेरी ते खेळ संपल्यावर दगडावर बसून लिहीत. पोरं थट्टा करायची, “सदरसाहेब, आमचा मुकद्दमा कवा निघनार?” आणि तिथंच त्यांच्या हातून चूक झाली. कचेरीची सवय. नुसतं नाव लिहिणं त्यांना अर्धवट वाटायचं. नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव, मोहल्ला, वय, घराची खूण. एकोणतीस जणांची अशी पक्की नोंद, तीन वर्षांची, पानावर पान नंबर घालून.

सत्तेचाळीसच्या पावसाळ्यानंतर सगळंच फिरलं. पोरांनी शाळा सोडल्या. रझाकारांची भीती रोजची झाली. खेळाची जागा ओस पडली. दिवाळीनंतर एके दिवशी काशीनाथ ताडकळसला मित्राकडं जातो म्हणून गेला आणि आठ दिवसांनी निरोप आला की तो सरहद्दीपलीकडं, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीत आहे. सतरा वर्षांचा होता. त्याच्याबरोबर खेळणारे आणखी पाच जण गेले होते. यजमान त्या वेळी अपिलाच्या कामाला हैदराबादेत अडकलेले.

आणि एका शनिवारी गल्लीत बातमी आली की अमीनसाहेबांनी, म्हणजे पोलिसांच्या ठाणेदारानं, अंजुमनचं हजेरीबुक सोमवारी मागवलं आहे.

रविवारी दुपारी मी बन्सीधररावांच्या दारात गेले. एकट्या पुरुषाच्या घरात त्याआधी मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. ते चटईवर बसले होते आणि बुक समोर उघडं होतं.

“बन्सीधरराव, काशीनाथची पानं फाडा.”

“नंबर हायेत, वहिनी. फाडली की आधी त्याचंच विचारतील.”

“मग नाव खोडा.”

“खोडू?” मी शिवी दिल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग मान खाली घातली. “चूक माझीच हाय. खेळायला आलेल्या पोराच्या बापाचं नाव कशाला पायजे होतं हो मला? घराची खूण कशाला पायजे होती?”

मी रडायला लागले. ते उठले, माठातलं पाणी आणून दारात ठेवलं आणि परत जाऊन बसले.

मग त्यांनी विचारलं, “वकीलसाहेबांच्या कपाटात असं एखादं कोरं बुक हाय का? एकाच दुकानातून घेतली होती आमी.”

होतं. मी पदराखाली झाकून आणलं.

बावीस वर्षांत कितीतरी खोटे दस्त त्यांच्या हाताखालून गेले होते आणि ते कशामुळं पकडले गेले, हे त्यांना पाठ होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच तजेल्याची शाई असली की दस्त सापडतो, ते म्हणाले. म्हणून तीन दौतींत तीन तऱ्हेची शाई केली. कुठं बोरू नवा घेतला, कुठं घासलेला. ते लिहीत होते आणि मी दारात बसून पान वाळलं की उलटत होते. मला उर्दू वाचता येत नाही, पण प्रत्येक ओळ सारखीच दिसत होती.

“काय लिहिताय?”

“तारीख. हाजिर, एक. बन्सीधर वल्द आबासाहेब, सदर.” ते थोडंसं हसले. “एकच नाव हाय, काम लवकर उरकतंय.”

तीन वर्षं. ताप आला होता ते पंधरा दिवससुद्धा त्यांनी आठवणीनं वेगळे काढले. त्या दिवसांपुढं लिहिलं, हाजिर कोई नहीं.

दिवेलागणीला खरं बुक मी घरी नेलं आणि न्हाणीघराच्या चुलीत घातलं.

सोमवारी सकाळी दहाला, सगळ्या गल्लीदेखत, ते बुक काखोटीला मारून ठाण्यात गेले. बाराच्या आत परत आले. काय झालं ते त्यांनी कुंपणापलीकडून मला सांगितलं.

“अमीनसाहेबांनी पानं उलटली. म्हणाले, ‘तीन साल अकेले खेले? किसके साथ?’ मी म्हटलं, ‘दीवार के साथ, सरकार.’ तर म्हणाले, ‘कौन जीता?’”

“मग?”

“‘दीवार,’ म्हटलं. लय हसले. चपराशाला बोलावून माझ्याकडं बोट दाखवलं. म्हणाले, ‘ये देखो, सदर-ए-अंजुमन!’ आणि जा म्हणाले.”

ते सांगताना हसत होते. पण कुंपणाची काठी त्यांनी घट्ट धरली होती.

वेडा म्हणून सोडलं, हे मला ठाऊक. गल्लीनं काय पाहिलं? बन्सीधर झरीकर हजेरीबुक घेऊन ठाण्यात गेले आणि एक ओरखडा न पडता जेवायला घरी आले. दहा दिवसांनी दोन घरांची झडती झाली. ती भलत्याच कुणाच्या खबरीवरून झाली, हे पुढं यजमानांना कचेरीत समजलं, पण तोवर सगळ्यांचं ठरून गेलं होतं. नावं झरीकरानं दिली. किशनरावांनी दुकानात बसायला सांगणं बंद केलं. धुरपताबाईसुद्धा त्यांच्या दारावरून जाताना तोंड फिरवायची.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. पोरं परत आली, काशीनाथ काळा पडलेला आणि उंच झालेला. हिवाळ्यात पुन्हा आमच्याच ओसरीवर बैठक झाली, नवी असोसिएशन काढायला. बन्सीधररावांना कुणी बोलावलं नव्हतं. तरी ते आले आणि पायरीवर बसले.

“फितुराला कोन बोलावलं?” एक जण म्हणाला.

माझ्या काशीनाथनं त्याला दटावलं नाही. तो म्हणाला, “बसू द्या. लिहून घ्यायचं असंल आपलं बोलणं.”

बन्सीधरराव उठले, चपला घातल्या आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडं गेले. “मी आज सगळ्यांना सांगणार आहे,” म्हटलं. “काशीनाथला तर आत्ता घरी गेल्या गेल्या.”

“काय सांगनार?”

“की तुम्ही खोटं बुक केलंत आणि एकोणतीस घरं वाचवलीत.”

“खोटं बुक केलं, हेच सांगनार ना?” ते हळूच म्हणाले. “वहिनी, कचेरीत नवे साहेब आलेत. जुन्या उर्दू नकला एकेक करून तपासायलेत. हजारो नकलांवर माझी सही हाय. ताडकळसच्या बायनाबाईचे चार एकर माझ्या एका नकलेवर उभे हायेत. मूळ कागद वाळवीनं खाल्ला. दीर टपून बसलाय, मुकद्दमा चालू हाय. झरीकर खोटा कागद करतो, इतकं एकदा वकिलाच्या कानावर गेलं की तिची नक्कल कोन खरी मानील?”

“पण ते वेगळं होतं.”

“ते मला आणि तुमाला. कोर्टात सही तीच.” मग म्हणाले, “काशीनाथ चांगला पोरगा हाय. त्याला सांगाल तर तो चौकात उभा राहून सांगंल. मी असेपर्यंत न्हाई, वहिनी. तुमाला त्याचीच शपथ.”

मुलाची शपथ घातल्यावर मी काय बोलणार? मी गप्प बसले. नंतर कितीतरी वर्षं गप्प बसले. जिनिंगमागं नवं जाळं लागलं, सामने झाले, सदर बदलले. बन्सीधरराव कचेरीतून घरी आणि घरून कचेरीत जात राहिले. वाटेत पोरं गप्प व्हायची. सणासुदीला मी ताट पाठवायची, तर काशीनाथ ते पाहून जेवणावरून उठायचा. त्या रविवारी मी गेले होते ती फक्त माझ्या मुलाची पानं मागायला. बाकीच्या अठ्ठावीस जणांचं माझ्या मनातही नव्हतं. हे मी बन्सीधररावांना कधी बोलून दाखवलं नाही. त्यांना ते माहीत असावं.

बायनाबाईचा निकाल लागला. जमीन तिच्याकडं राहिली. तो लागला तेव्हा ते पेन्शनीत निघाले होते आणि नजर गेली होती. गेल्या मार्गशीर्षात ते वारले.

काशीनाथ आता औरंगाबादेत शिकवतो. परवा सुट्टीला आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. चुलीत घातलेल्या बुकापासून शपथेपर्यंत. मग त्यानं विचारलं, “मी रस्त्यात त्यांना ओळख देत नव्हतो. ते तुला कधी काही बोलले त्याबद्दल?”

“नाही.”

“मग माझ्याबद्दल काय बोलायचे?”

“खेळताना तुझा उजवा गुडघा दुखायचा तो थांबला का, एवढंच विचारायचे. दर वेळी.”

तो उठून अंगणात गेला. मी त्याच्यामागं गेले नाही.