फ्रिजमधली नऊ रोपं

टास्मानियाच्याही खाली, अंटार्क्टिकाच्या वाटेवर एक बेट आहे. मी जिला वाचवायला पत्रकं काढते, ती वनस्पती फक्त तिथलीच. चंदेरी, लवदार पानं आणि शर्टाच्या बटणाएवढी गडद जांभळी फुलं. माणसांनी जहाजांतून नेऊन सोडलेल्या सशांनी ती पार मुळापर्यंत कुरतडली. हे मी पत्रकांत इतक्यांदा लिहिलंय की अजूनही लिहिताना दात-ओठ खाते.

पण मी शनिवारी जिथे फुकट काम करते, त्या नर्सरीची थंड खोली ऐन जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, बंद पडली, तेव्हा पत्रकांचा काडीचा उपयोग नव्हता. बाहेर बेचाळीस डिग्री. नर्सरीच्या बाई म्हणाल्या, "रोपं घरी ने, फ्रिजमध्ये ठेव. उद्या आर्व्होपर्यंत दुरुस्त होईल. नो वरीज."

आर्व्हो म्हणजे इथली दुपार. आणि नो वरीज म्हणे.

आइसबॉक्समध्ये त्या वनस्पतीची नऊ रोपं घालून टार्निटला घरी आले. एकावर कळी होती, नर्सरीत धरलेली पहिलीच. घरचा फ्रिज दुसऱ्या दिवशीच्या हळदीकुंकवाच्या तयारीने गच्च भरलेला.

"आई, दोन कप्पे रिकामे कर."

"पंचवीस बायका येणारेत उद्या."

"ही रोपं जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाहीत."

"पत्रक नको वाचून दाखवूस. नीट माग."

नीट मागितलं. तिने श्रीखंड खालच्या कप्प्यात कोंबलं आणि इडलीच्या पिठाचं पातेलं ओट्यावर काढलं. "हे उतू जाणार. पुसायचं तू."

कळीवालं रोप मी सगळ्यांत पुढे ठेवलं, फोटो नीट यावा म्हणून. पुढच्या पत्रकावर तीच कळी छापायची, खाली मोठ्या अक्षरांत 'हिला वाचवा'. मग मला चैन पडेना. दर दहा मिनिटांनी दार उघडून बघायचे. पान वाकलं का, माती सुकली का. बघतेच आहे तर आणखी एक फोटो.

आई तिळगुळाच्या पुड्या बांधत होती. "अगं, सगळा गारवा जातोय. बस जरा."

"बसवत नाही."

"मग ओटा पूस."

पीठ खरंच उतू गेलं होतं. पुसलं, आणि हात पुसत पुन्हा दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी थंड खोली सुरू झाल्यावर रोपं नर्सरीत परत नेली. आठ ताठ होती. पुढचं मान टाकून पडलेलं, कळी काळी. बाईंनी ते बोटाने उचलून पाहिलं. "दाराजवळ होतं? फ्रिज फार उघडला गेला का?"

घरी पंचवीस पाहुणे यायचेत, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्यांनी विश्वासही ठेवला असता.

"मीच उघडत होते," मी म्हणाले. "फोटो काढायला."

त्यांनी कात्रीने कळी कापली, कुंडी थंड खोलीत मागच्या फळीवर सरकवली. "मूळ जिवंत वाटतंय. बघू."

मीही बघायला आत वाकले.

"दार लाव," त्या म्हणाल्या.