पयलाच सवाल चुकला

आमी ऊसतोडीला कोपरगावकडं गेल्तो. तिथं मुकादमाच्या भावानं माझ्या धाकट्या बहिनीवर उसाच्या फडात जबरदस्ती केली. ती रडत आमच्या पाचटाच्या कोपीवर आली, तर टोळीला हसवनारा मी मोठा शहाना पयलं काय बोललो? "चाऱ्याला उसाचं वाढं बांधाया एकटी कशाला गेल्तीस?" असल्या तोंडात पायतानच हानलं पायजे.

माझी बायको भडकली, "तुमी रोज सकाळी टमरेल घेऊन फडात एकटंच जाता. तुमाला कुनी इचारलं का?"

मी बहिनीपुढं जाऊन बसलो. "चुकलो, बाय. तुझा काय बी दोष न्हाई. तू म्हनशील तसं करू."

"पोलीस ठान्यात चल, दादा. पर बोलनार मी."

मुकादम 'मिटवा, मिटवा' म्हनत आडवा आला. त्याला ढकलून आमी गेलो. तिथं ती बोलली, आन ह्या बडबड्यानं जन्मात पयल्यांदा तोंड बंद ठिवलं.