डाव्या कुशीवरचं पारायण

यांना पक्षाघात झाल्यापासून रोज पलंगावरून उठवून खुर्चीत बसवणं, हेच माझं मोठं काम. गेल्या हिवाळ्यात नेमकी माझीच कंबर धरली. आता यांना उचलायचं कोणी? मुलगा परगावी. लखनौतच वाढलेला, त्यामुळे मराठी समजतं, पण उत्तर हिंदीत. फोनवर म्हणाला, "आई, अब तुमसे नहीं होगा. बाबा को किसी अच्छे होम में रख देते हैं." फोन ठेवला आणि देवापुढे बसून मनसोक्त चिडले. यांच्यासाठी पारायणामागून पारायण चाललं होतं माझं. नियमाप्रमाणे जमिनीवर चटई, डाव्या कुशीवर झोप. एवढं करून हे फळ? खरं सांगते, तेव्हा श्रद्धा नुसती सवयीपुरती उरली होती.

शेजारणीला यांच्यापाशी बसवून निशातगंजला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, तर दवाखाना बंद. जिना उतरायचंही त्राण नव्हतं, तिथेच पायरीवर बसले. वर जाणारी एक तरुण बाई थांबली. "आंटी, चक्कर आ रहा है क्या?" ती ऑस्टिओपॅथ होती, हातांनी तपासून हातांनीच उपचार करणारी. वरच्या मजल्यावर तिची खोली होती. मला धरून तिने वर नेलं.

दुखत होती कंबर, आणि ही बघत बसली माझे घोटे. मग गुडघे, बरगड्या, जबडासुद्धा! मी वैतागून म्हटलं, "बेटा, दर्द कमर में है." ती हसली. "अच्छा, पर कमर अकेली थोड़े ही आई है, आंटी." घरी कोण आजारी आहे, त्यांना कसं उचलता, जेवता कधी, सगळं विचारलं. मग बरगड्यांवर हात ठेवून म्हणाली, "ज़मीन पर सोती हैं न? हमेशा बाईं करवट?" हे मी तिला सांगितलंच नव्हतं. तिच्या हातांना कळलं असेल. मी त्यावर वाद घालत नाही; पण कितीतरी दिवसांनी कोणीतरी मला अख्खी पाहत होतं, आणि माझे डोळे भरून आले.

मला उताणी निजवून तिने माझं डोकं तळहातांवर घेतलं. "छोड़ दीजिए."

"छोड़ा तो है."

"नहीं आंटी, अभी आप ही पकड़े हुए हैं."

खरंच, मान माझीच ताठ होती. सोडायचं म्हटलं तरी सुटेना. शेवटी फार थकले, आणि त्या थकव्यातच डोकं तिच्या हातांत गेलं. मी खूप रडले.

कंबर अजून कुरकुरते. पण तिने शिकवल्याप्रमाणे यांना आधी काठाशी आणते, उठवताना श्वास सोडते. हेही चांगल्या पायावर जोर देतात. हे घरीच आहेत. पारायण चालू आहे, झोपते मात्र पलंगावर.

यांना खुर्चीत बसवलं की देवापुढच्या पाटावर डोकं टेकवते. इतकी वर्षं नुसतं कपाळ टेकत होतं, डोकं मीच धरून होते. आता सगळा भार त्याच्यावर सोडते आणि हे हाक मारेपर्यंत तशीच पडून राहते.