डाव्या बाजूची सरकी

"अवं बाई, तुमच्या पोलक्यातून सरकी गळून राह्यली!"

माझी धाकटी जाऊ शोभा हे ओरडली ते परतवाड्याच्या एका मंगल कार्यालयात, ऐन मंगलाष्टकांच्या मधोमध. शोभाचा आवाज असा की मेळघाटातल्या वाघानं शिकार टाकून कान टवकारावेत. अंतरपाट धरणाऱ्याचा हात खाली आला आणि नवरदेवानं मुहूर्ताच्या आधीच नवरी पाहून घेतली. मी खाली पाहिलं. पायाशी कपाशीच्या बिया पडलेल्या, कोंबड्यांना दाणे टाकावेत तशा.

सगळ्यात आधी मीच हसले. हसावंच लागतं, नाहीतर लोक रडायला लागतात.

माझा डावा स्तन दोन वर्षांपूर्वी अकोल्याला काढला. माहेर तिथलं, म्हणून उपचारही तिथंच. या ऑपरेशनला मास्टेक्टॉमी म्हणतात, म्हणजे गाठीसकट सगळा स्तन काढून टाकणं. मग केमो झाली, रेडिएशनचे शेक झाले. शेवटच्या शेकाच्या दिवशी सगळे म्हणाले, सुटली बाई. घरी येऊन मी अर्ध्या अमरावतीला पेढे वाटले. उरलेल्या अर्धीनं मागून नेले.

पण बायांनो, उपचार चालू असतात तोवर भेवाला घरात शिरायला फुरसत नसते. ते संपले की भेव बिऱ्हाड घेऊन येतं.

गेलेला स्तन खाजतो. खाजवायला हात न्यावा तर तिथं सपाट. डॉक्टर त्याला फँटम सेन्सेशन म्हणतात. अवयव जातो, पण मेंदू त्याला गेलेला मानत नाही. आमची आजेसासू असती तर तिनं लिंबू उतरवून चौकात टाकलं असतं. कधी भरदुपारी भाकर थापताना त्या रिकाम्या जागी पान्हा फुटल्यासारखं दाटून येतं. माझी लेकरं लग्नाच्या वयाची झालेली. कोणासाठी दाटतं, कोण जाणे. मी भाकर तव्यावर टाकते आणि मोठ्यानं शोभाची उणीदुणी काढत बसते, म्हणजे ते ऐकू येत नाही.

आता सरकी कुठून आली, ते सांगते. स्तनाच्या जागी ब्रामध्ये घालायला प्रोस्थेसिस मिळतो, म्हणजे सिलिकॉनचा खोटा स्तन. चांगला असतो. पण आमच्या वऱ्हाडचं ऊन असं की सावलीसुद्धा झाडाखाली सरकून बसते. त्या उन्हात तो उकडलेल्या बटाट्यासारखा अंगाला चिकटायचा. म्हटलं, दर्यापूरला आपली कपाशी आहे, घरात कापूस आहे, विकतचं काहून? पिशवी शिवली. नुसता रुवा, म्हणजे सरकी काढलेला कापूस, भरला तर इतका हलका की चालताना पिशवी गळ्याशी यायची. मग वजनाला म्हणून सरकीसकट कापूस कोंबला. अक्कल पाजळल्याबद्दल स्वतःलाच शाबासकी दिली.

तीच पिशवी लग्नात उसवली. शोभा मला कार्यालयाच्या बाथरूममध्ये घेऊन गेली. पिशवी काढली, तर टाक्यांच्या व्रणावर बोटाला काहीतरी टणक लागलं. हरभऱ्याएवढं.

"काय झालं, बाई?" शोभा म्हणाली.

"काही नाही. सुई दे."

बाहेर येऊन मी जेवले. जिलेबी मागून घेतली. तिची चव मात्र आजही आठवत नाही.

आमच्या यांना घरी आल्यावर सांगितलं. हा माणूस वर्षभरात जेवढं बोलतो तेवढं मी चहा उकळेपर्यंत बोलते. ते म्हणाले, "सकाळच्या गाडीनं जाऊ."

अकोल्याचा तोच दवाखाना, तोच जिना. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं.

"आत काय वापरता तुम्ही?"

"कापूस."

"कसला?"

"घरचा. सरकीसकट."

डॉक्टरांनी एकदा पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ऑपरेशनमध्ये त्वचेच्या नसा कापल्या जातात. तिथं तुम्हाला टोचलेलं कळत नाही. बी घासत राहिलं असेल. पण नुसता हात लावून मी ‘काही नाही’ म्हणणार नाही. तपासायचं."

सोनोग्राफी झाली. मग एफएनएसी, म्हणजे बारीक सुईनं गाठीतल्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. सुई टोचली तरी मला कळली नाही. आपल्याच अंगात सुई शिरते आणि आपल्याला पत्ता नाही, याचं मला सुईपेक्षा जास्त भेव वाटलं.

रिपोर्टच्या दिवशी बाकावर शेजारी एक तरणी बाई होती. डोक्याला रुमाल, भुवया गेलेल्या. माझे वाढलेले केस पाहून म्हणाली, "मावशी, तुमचं झालं नं सगळं? तुमाले पाहून मले धीर येते."

एरवी मी तिला माझ्या केमोची अशी कथा सांगितली असती की सलाइनच्या बाटलीलाच ओकारी यावी. त्या दिवशी पोलक्याच्या आत सुईच्या जागेवर पट्टी होती. "हो," म्हटलं, "झालं सगळं." आणि तिचा हात धरून बसले. कोण कोणाला धरून होतं, ते सांगता येणार नाही.

रिपोर्टमध्ये कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. सतत घासल्यानं तिथं सूज येऊन कडक झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "मऊ, धुतलेलं सुती कापड घाला. घरी असाल तेव्हा त्या जागी काही ठेवू नका. आणि रोज आरशात पाहा. जिथं कळत नाही, तिथं डोळ्यांनी पाहायचं." तुम्हीही हे करा. घरचा कापूस गादीत शोभतो.

परतीच्या एसटीनं मूर्तिजापूर गाठलं. डाव्या बाजूला पुन्हा खाजायला लागलं होतं. रिपोर्ट पिशवीत होता, तरी खाजत होतं. आता हे असंच सोबत येणार, घरापर्यंत, आणि घराच्याही पुढं.

मी यांना विचारलं, "आन रिपोर्टात निघालं असतं तर?"

ते खिडकीबाहेर पाहत होते.

"मंग पुन्हा आलो असतो," ते म्हणाले.